एका समाजाला एकच तोंड असते का? श्रीलंकेतील फसलेल्या शांतता करारांविषयी

दीपस्तंभ (धागालेखक)
शनिवार, सकाळी 10:15

एप्रिल 1958 मध्ये सिलोनचे पंतप्रधान एस. डब्ल्यू. आर. डी. बंदरनायके यांच्या कोलंबोतील घरासमोर बौद्ध भिक्खू ठाण मांडून बसले आणि तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी केलेला करार रद्द झाल्याचे लेखी मिळेपर्यंत तेथून हलले नाहीत. करार होऊन तेव्हा नऊ महिनेही झाले नव्हते. त्यात स्वतंत्र राष्ट्राचा उल्लेखही नव्हता; तमिळला अल्पसंख्याकांची भाषा म्हणून मान्यता द्यावी आणि शेती, शिक्षण, सरकारी जमिनीवरील वसाहती असे विषय प्रादेशिक परिषदांकडे सोपवावेत, एवढेच त्याचे सार होते. पुढे अडीच दशके चाललेल्या यादवी युद्धाच्या तुलनेत ही किंमत किती किरकोळ होती हे आज कोणालाही कळते.

या घटनेकडे सहसा सिंहली विरुद्ध तमिळ या संघर्षातील एक प्रसंग म्हणून पाहिले जाते. मला मात्र ती सिंहली विरुद्ध सिंहली या संघर्षातील घटना वाटते. करार झाल्यावर त्याच्या विरोधात कँडीच्या दिशेने पदयात्रा काढणारे नेते होते विरोधी युनायटेड नॅशनल पार्टीचे जे. आर. जयवर्धने. 1965 मध्ये सत्ता त्याच पक्षाकडे आली, पंतप्रधान डडली सेनानायके यांनी चेल्वनायकम यांच्याशी जवळपास तशाच आशयाचा समझोता केला, आणि या वेळी रस्त्यावर उतरला तो बंदरनायके यांचा पक्ष. जिल्हा परिषदांचा प्रस्ताव 1968 मध्ये गुंडाळला गेला. म्हणजे दोन्ही सिंहली पक्षांना सत्तेत असताना तडजोड हवी होती आणि सत्तेबाहेर असताना ती देशद्रोह वाटत होती. लिलावात जशी बोली चढत जाते तसे हे चालते. आपल्याच समाजाच्या मतांसाठी दोन पक्ष उभे राहिले की कडवेपणाची बोली वाढत जाते, आणि ती थांबवणारा हरतो. काव्यगत न्याय असा की पदयात्रा काढणाऱ्या जयवर्धनेंनाच राष्ट्राध्यक्ष म्हणून तीस वर्षांनी, जुलै 1987 मध्ये, राजीव गांधींसमवेत भारत-श्रीलंका करारावर सही करावी लागली, आणि त्यात त्यांना 1957 पेक्षा कितीतरी अधिक द्यावे लागले. त्यांचेच पंतप्रधान प्रेमदासा त्या कराराच्या विरोधात होते.

तमिळ बाजूला हीच प्रक्रिया अधिक रक्तरंजित रीतीने घडली. 1976 च्या वट्टुकोट्टै ठरावाने स्वतंत्र तमिळ ईलमची मागणी केली ती संसदीय नेत्यांनीच. पण ज्या तरुणांच्या रेट्यामुळे त्यांनी ती केली, ते तरुण त्यांच्या हाताबाहेर गेले. जुलै 1983 च्या तमिळविरोधी हत्याकांडानंतर सशस्त्र गटांकडे तरुणांची रीघ लागली आणि त्यांपैकी प्रभाकरनच्या लिट्टेने प्रतिस्पर्धी गट एकामागून एक संपवण्यास सुरुवात केली. ‘टेलो’ या गटाचा 1986 मध्ये नायनाट झाला. संसदीय तमिळ नेते अमृतलिंगम 1989 मध्ये मारले गेले. त्याच वर्षी जाफना विद्यापीठातील डॉक्टर आणि मानवी हक्क कार्यकर्त्या रजनी तिरणगम यांची सायकलवरून घरी परतताना हत्या झाली. संघराज्यीय आराखड्यावर काम करणारे घटनातज्ज्ञ नीलन तिरुचेल्वम यांना 1999 मध्ये कोलंबोत आत्मघाती हल्लेखोराने मारले. सिंहली पक्षांमधील लिलाव मतांचा होता. इथे वेगळी बोली लावणाऱ्याला जगूच दिले गेले नाही.

आता नॉर्वेच्या मध्यस्थीकडे येऊ. 22 फेब्रुवारी 2002 रोजी शस्त्रसंधी झाली आणि सप्टेंबर 2002 ते मार्च 2003 या काळात चर्चेच्या सहा फेऱ्या पार पडल्या. एका बाजूला सरकार, दुसऱ्या बाजूला लिट्टे, मध्ये नॉर्वे. रचना सुटसुटीत होती आणि माझ्या मते दोष या सुटसुटीतपणातच होता. सरकार म्हणजे पंतप्रधान रनिल विक्रमसिंघे. पण राष्ट्राध्यक्ष चंद्रिका कुमारतुंगा दुसऱ्या पक्षाच्या होत्या आणि या प्रक्रियेत त्यांना जवळपास स्थान नव्हते. नोव्हेंबर 2003 मध्ये त्यांनी संरक्षण, गृह आणि माहिती ही तिन्ही खाती स्वतःकडे घेतली. यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नव्हते, कारण त्यांच्याच राज्यघटनेच्या मसुद्याच्या प्रती ऑगस्ट 2000 मध्ये विक्रमसिंघे यांच्या पक्षाच्या खासदारांनी संसदेत जाळल्या होत्या. दुसऱ्या बाजूला, लिट्टे हीच तमिळांची एकमेव प्रतिनिधी, हा जो दावा बंदुकीच्या जोरावर प्रस्थापित झाला होता, त्याला वाटाघाटींच्या टेबलाने अधिकृत शिक्का दिला. तमिळ खासदारांच्या आघाडीने 2004 च्या जाहीरनाम्यात तो दावा मान्यही करून टाकला.

आणि मुस्लिम? श्रीलंकेतील बहुसंख्य मुस्लिमांची घरची भाषा तमिळ आहे, तरी ते स्वतःला तमिळ म्हणवत नाहीत. ऑक्टोबर 1990 मध्ये लिट्टेने उत्तर प्रांतातील 70,000 हून अधिक मुस्लिमांना घरे सोडून जाण्याचा हुकूम दिला. जाफना शहरात त्यांना अवघे दोन तास मिळाले. पूर्व प्रांतात तर तमिळ, मुस्लिम आणि सिंहली या तिघांपैकी कोणाचेही निर्विवाद बहुमत नाही. असे असूनही स्वतंत्र मुस्लिम शिष्टमंडळाची मागणी शेवटपर्यंत मान्य झाली नाही. मुस्लिम काँग्रेसचे रौफ हकीम टेबलावर होते, पण सरकारच्या बाजूचे एक मंत्री म्हणून.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, अस्मितेच्या संघर्षातील शांतता प्रयत्न ‘दोन समाज’ हे गृहीतक घेऊन सुरू होतात आणि त्या समाजांच्या वतीने बोलण्याचा हक्क सांगणाऱ्यांना एकत्र बसवतात. प्रत्यक्षात खरी झुंज बहुतेक वेळा प्रत्येक समाजाच्या आत, तो हक्क कोणाचा यावरच चाललेली असते. मध्यस्थ येऊन ज्याच्या हाती बंदूक आहे त्याला तो हक्क बहाल करतो, आणि ज्यांच्यामुळे तडजोड टिकली असती ते लोक त्याच दिवशी निराधार होतात. यावर आपले मत काय?

---

शंकेखोर
शनिवार, दुपारी 12:02

लेख अभ्यासपूर्ण आहे, परंतु निष्कर्ष मला पटला नाही. ज्याच्या हाती बंदूक नाही त्याच्याशी शस्त्रसंधी करून उपयोग काय? प्रभाकरनला वगळून 2002 मध्ये तमिळ विचारवंतांशी चर्चा केली असती तर उत्तम निबंध तयार झाले असते, बॉम्ब मात्र थांबले नसते. मध्यस्थ हा समाजसुधारक नसतो; जो युद्ध करतो आहे त्यालाच त्याला टेबलावर आणावे लागते.

दुसरे असे की श्रीलंकेत शांतता आली ती कोणत्याही करारामुळे नव्हे, तर 18 मे 2009 रोजी लष्करी विजयाने आली. वाटाघाटींच्या प्रत्येक पर्वाचा लाभ लिट्टेने शस्त्रसाठा वाढवण्यासाठी घेतला. हे कटू असले तरी लपवण्यात अर्थ नाही.

---

फौजीचा पुतण्या
शनिवार, दुपारी 3:30

माझे काका 1987 मध्ये श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेत होते, म्हणून हा विषय आमच्या घरात अनेक वर्षे जेवणाच्या ताटावर चर्चिला गेला आहे. ते सांगत की, ऑगस्टमध्ये जाफन्यातल्या बायका आम्हाला ओवाळत होत्या आणि ऑक्टोबरमध्ये त्याच गल्ल्यांतून आमच्यावर गोळ्या येत होत्या. भारत-श्रीलंका करारावर लिट्टेची सहीच नव्हती. दोन सरकारांनी आपापसांत ठरवले की तमिळांना काय मिळेल, आणि ते तमिळांच्या गळी उतरवण्याचे काम सैन्याकडे आले. महार रेजिमेंटच्या 8 व्या बटालियनमधील मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना 25 नोव्हेंबर 1987 च्या कारवाईसाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. मार्च 1990 पर्यंत आपले 1100 हून अधिक जवान तेथे कामी आले. आणि कराराला सर्वांत हिंसक विरोध झाला तो जनता विमुक्ती पेरमुना या दक्षिणेतील डाव्या सिंहली पक्षाकडून. प्रेमदासा अध्यक्ष झाल्यावर त्यांच्या सरकारने तर भारतीय सैन्याविरुद्ध लढण्यासाठी लिट्टेला शस्त्रेही पुरवली.

त्यामुळे दीपस्तंभ यांचा मुद्दा मला पटतो, पण त्याच्या उलट बाजूनेही पाहावे असे सुचवतो. 1987 मध्ये ‘एकमेव प्रतिनिधी’ वगळला गेला आणि करार फसला. 2002 मध्ये त्यालाच सगळे दिले आणि तेव्हाही फसला. मग करायचे काय?

---

दीपस्तंभ (धागालेखक)
शनिवार, रात्री 9:10

शंकेखोर, बंदूकधाऱ्याशी बोलू नये असे मी म्हटलेले नाही. शस्त्रसंधी त्याच्याशीच करावी लागते. परंतु शस्त्रसंधी आणि राजकीय तोडगा ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दोन्हींना तेच टेबल, तेच पाहुणे असण्याची सक्ती नसते. नॉर्वेच्या प्रक्रियेत ती एकत्र झाली. कुठे तोफा हलवायच्या हे ठरवणाऱ्यालाच पूर्व प्रांतातील मच्छीमार मुस्लिमांच्या जमिनीबाबत बोलण्याचा अधिकार मिळाला.

2009 विषयी: युद्ध संपले, हे निर्विवाद आहे, आणि सामान्य माणसाला त्याचा मोठा दिलासा होता. परंतु लिलाव बंद झाला का? तमिळ प्रतिस्पर्धी उरला नाही तेव्हा बोली दुसऱ्या समाजावर लावली गेली. जून 2014 मध्ये अलुत्गमा येथे आणि मार्च 2018 मध्ये कँडी जिल्ह्यातील दिगना परिसरात मुस्लिमांवर हल्ले झाले; 21 एप्रिल 2019 च्या ईस्टर बॉम्बस्फोटांनंतर, ज्यांचे क्रौर्य कोणीही नाकारणार नाही, संपूर्ण समाज संशयित ठरवला गेला; आणि करोना काळात मुस्लिम मृतांचे दफन नाकारून सक्तीने दहन करण्याचा नियम फेब्रुवारी 2021 पर्यंत चालू होता. हे त्या समाजाबरोबर घडले ज्याने युद्धात एक समाज म्हणून फुटीरतावाद्यांची साथ दिली नव्हती. ज्या यंत्रणेने 1958 मध्ये करार फाडला ती 2009 मध्ये शाबूत होती, एवढेच मला म्हणायचे आहे.

फौजीचा पुतण्या, आपल्या काकांना नमस्कार सांगा. आपला प्रश्न अचूक आहे आणि त्याचे उत्तर मला आज रात्री देता येणार नाही. उद्या प्रयत्न करतो.

---

पैलतीर
रविवार, पहाटे 2:45

मी गेली अकरा वर्षे बेलफास्टमध्ये राहते. येथे नोकरीच्या अर्जासोबत एक वेगळा कागद येतो, त्यात आपण प्रोटेस्टंट समाजातील आहात, रोमन कॅथलिक समाजातील आहात की दोन्हींपैकी नाही, असे विचारलेले असते. भेदभाव रोखण्यासाठीची ही कायदेशीर तरतूद आहे आणि तिचा उपयोगही झाला आहे. पहिल्यांदा मी ‘दोन्हींपैकी नाही’ यावर खूण केली तेव्हा सहकाऱ्याने हसत सांगितले की इथे जन्मलेल्याने असे केले, तर त्याची प्राथमिक शाळा कोणती यावरून मालकाला अंदाज बांधता येतो. मी कोल्हापूरच्या शाळेत शिकले हे माझे भाग्य.

उत्तर आयर्लंडमधील प्रोटेस्टंट-कॅथलिक संघर्ष थांबवणारा 1998 चा गुड फ्रायडे करार हा जगभर आदर्श म्हणून सांगितला जातो, आणि बॉम्ब थांबले याचे मोल मी कमी लेखणार नाही. पण विधानसभेत प्रत्येक सदस्याला स्वतःची नोंद ‘युनियनिस्ट’ (ब्रिटनसोबत राहू इच्छिणारे), ‘नॅशनलिस्ट’ (एकसंध आयर्लंड हवे असणारे) किंवा ‘अन्य’ अशी करावी लागते. काही महत्त्वाच्या ठरावांना दोन्ही गटांचा वेगवेगळा पाठिंबा आवश्यक असतो, आणि त्या मोजणीत ‘अन्य’ सदस्यांच्या मताला तेवढे वजन नाही. 2022 च्या निवडणुकीत 90 पैकी 17 जागा कोणत्याच बाजूचा नसलेल्या अलायन्स पक्षाला मिळाल्या, म्हणजे तो तिसऱ्या क्रमांकाचा पक्ष ठरला. पण करार लिहिणाऱ्यांनी असा मतदार मोठ्या संख्येने असेल हे धरलेलेच नव्हते. दोन वस्त्यांमधल्या ‘शांतता भिंती’ आजही उभ्या आहेत, आणि काही ठिकाणी रहिवाशांनाच त्या पाडायला नको आहेत. बहुसंख्य मुले अजूनही आपापल्या समाजाच्या शाळेत जातात.

मात्र त्या करारात एक गोष्ट शिकण्यासारखी आहे, आणि ती कराराच्या आधीची आहे. 1996 मध्ये चर्चेला कोण बसणार हे निवडणुकीने ठरवले गेले, आणि त्या निवडणुकीत मतदारसंघांतील जागांव्यतिरिक्त सर्वाधिक मते मिळवणाऱ्या पहिल्या दहा पक्षांना प्रत्येकी दोन जागा देण्यात आल्या. त्यामुळे निमलष्करी गटांशी जवळीक असलेले लहान पक्ष आत आले, आणि केवळ एक टक्क्याच्या आसपास मते मिळालेली ‘नॉर्दर्न आयर्लंड विमेन्स कोअलिशन’ही आत आली. पीडितांचे हक्क आणि एकत्रित शिक्षण हे विषय करारात आणण्यात या महिलांचा मोठा वाटा होता. टेबल मोठे करण्याची ही युक्ती मला कोणत्याही तात्त्विक चर्चेपेक्षा उपयोगी वाटते.

---

ओहोळ
रविवार, सकाळी 8:20

पैलतीर, फार उत्तम प्रतिसाद. बोस्नियाचे उदाहरण याहून टोकाचे आहे. तेथील युद्ध थांबवणाऱ्या 1995 च्या डेटन कराराने तीन सदस्यांचे राष्ट्राध्यक्षपद निर्माण केले: एक बोस्नियाक, एक सर्ब, एक क्रोएट. मग रोमा समाजाच्या किंवा ज्यू नागरिकाने काय करायचे? सेज्दिच आणि फिन्सी यांनी युरोपीय मानवी हक्क न्यायालयात हाच प्रश्न विचारला आणि डिसेंबर 2009 मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. इतकी वर्षे उलटूनही राज्यघटना त्यानुसार बदललेली नाही, कारण बदलायची ती याच तीन समाजांच्या नेत्यांच्या संमतीने, आणि त्यांना ती बदलण्यात काहीही रस नाही. काही गावांत एकाच इमारतीत दोन शाळा भरतात, मुले वेगळ्या दारांनी आत जातात.

---

शंकेखोर
रविवार, सकाळी 11:00

आपण सर्व जण शांततेच्या उणिवा मोजत आहोत. बोस्नियात 1995 पासून युद्ध झालेले नाही. साराजेवोतील आईला विचारा की तिच्या मुलाने वेगळ्या दाराने शाळेत जाणे अधिक वाईट की युद्धात शहराला पडलेला वेढा अधिक वाईट. ‘वाईट शांतता’ ही संकल्पना सुरक्षित घरात बसून निर्माण होते.

---

पैलतीर
रविवार, दुपारी 1:15

शंकेखोर, आपल्या या वाक्यातील राग मला समजतो आणि तो अर्धा बरोबरही आहे. पण वेगळ्या दाराने शाळेत गेलेली ती मुले आता तिशीत आहेत आणि मतदान करतात. प्रश्न एवढाच आहे की युद्ध थांबवण्यासाठी घातलेल्या प्लास्टरला पुढे हाड म्हणू लागायचे का. त्या करारांत ते प्लास्टर कधी काढायचे याची तारीखच नसते.

---

माजघर
रविवार, दुपारी 4:40

क्षमस्व, पण आपल्या देशातील उदाहरण कोणीच का घेत नाही? मणिपूर?

---

दीपस्तंभ (धागालेखक)
रविवार, सायंकाळी 7:30

माजघर, 3 मे 2023 नंतर मणिपूरमध्ये जे घडले त्यावर मला पुरेशा जबाबदारीने लिहिता येणार नाही. मात्र त्याच राज्यातील जून 2001 ची घटना या चर्चेत चपखल बसते. केंद्र सरकार आणि नागा संघटना एनएससीएन (आयएम) यांच्यातील शस्त्रसंधी ‘प्रादेशिक मर्यादेशिवाय’ लागू राहील असे ठरले, आणि मणिपूर खोऱ्यातील लोकांनी त्याचा अर्थ आपल्या राज्याचे तुकडे होणार असा लावला. 18 जून रोजी इम्फाळमध्ये विधानसभेची इमारत जाळली गेली आणि 18 लोक मारले गेले. पुढच्या महिन्यात ते शब्द मागे घ्यावे लागले. नागा आणि केंद्र या ‘दोन पक्षांनी’ सद्भावनेने केलेल्या समझोत्यात त्या भूमीवर राहणारा तिसरा माणूस कोणाच्या लक्षातच आला नव्हता.

आता फौजीचा पुतण्या यांच्या प्रश्नाकडे. काल रात्रीपासून विचार केल्यावर मला असे वाटते की 2004 च्या त्सुनामीने आपल्याला एक क्रूर पण उपयोगी तुलना दिली आहे. 26 डिसेंबरच्या एकाच लाटेने इंडोनेशियाचा आचे प्रांत आणि श्रीलंकेचा पूर्व किनारा उद्ध्वस्त केला. दोन्हीकडे अनेक वर्षांचे बंड चालू होते. आचेमध्ये 15 ऑगस्ट 2005 रोजी, फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्टी अह्तिसारी यांच्या मध्यस्थीने, हेलसिंकीत करार झाला आणि तो टिकला. श्रीलंकेत तीन दिवस आधी परराष्ट्रमंत्री लक्ष्मण कदिरगामर यांची हत्या झाली होती, आणि मदतवाटपासाठी जूनमध्ये सरकार व लिट्टे यांनी केलेल्या संयुक्त यंत्रणेच्या महत्त्वाच्या तरतुदी जनता विमुक्ती पेरमुनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने स्थगित केल्या होत्या. श्रीलंकेत सर्वाधिक माणसे दगावली ती अंपारै जिल्ह्यात, जिथे मुस्लिम वस्ती मोठी आहे. आणि त्या मदतकराराच्या सह्यांत मुस्लिमांची सही नव्हती.

आचेचा करार टिकण्यामागे थकवा, सैन्याची सरशी, नवे सरकार अशी बरीच कारणे आहेत आणि सगळे श्रेय मसुद्याला देणे भाबडेपणाचे होईल. तरी एक कलम मला निर्णायक वाटते. इंडोनेशियाच्या कायद्यानुसार राजकीय पक्ष देशव्यापी असावा लागतो. आचेला मात्र स्थानिक पक्ष काढण्याची मुभा मिळाली. त्यामुळे बंडखोरांना ‘आम्हीच आचे’ हे सिद्ध करण्यासाठी बंदूक लागली नाही आणि आपल्या लोकांसमोर मते मागण्यास उभे राहावे लागले. डिसेंबर 2006 च्या पहिल्याच निवडणुकीत बंडखोर चळवळीतच फूट पडली, दोन उमेदवारांच्या मागे दोन गट उभे राहिले आणि तुरुंगातून निसटलेले इरवंदी युसुफ राज्यपाल झाले. चळवळ फुटली, आणि बंदुकीशिवाय फुटली. ‘एकमेव प्रतिनिधी’ या कल्पनेला मतपेटीने इतक्या शांतपणे मोडून काढल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

म्हणून माझे उत्तर असे: बंदूकधाऱ्याला टेबलावर घ्यावे, परंतु ज्या क्षणी गोळीबार थांबतो त्या क्षणापासून त्याच्या समाजातील प्रतिस्पर्ध्यांना संरक्षण देणे हा शस्त्रसंधीचाच भाग असावा. 2002 च्या शस्त्रसंधीनंतर जी हत्यासत्रे झाली त्यांत मरणारे पुष्कळसे तमिळच होते: लिट्टेविरोधी गटांचे कार्यकर्ते, माहिती देणारे, वेगळे बोलणारे. नॉर्डिक देशांच्या देखरेख पथकाने हजारो उल्लंघने नोंदवली, पण नोंदवण्यापलीकडे त्यांच्या हाती अधिकार नव्हता. प्रक्रिया मोडू नये म्हणून या हत्यांकडे डोळेझाक झाली. मला हे या सगळ्या कहाणीतले सर्वांत लाजिरवाणे प्रकरण वाटते.

---

ओहोळ
सोमवार, सकाळी 9:05

आचेबाबत सहमत, फक्त एक भर घालतो. आचेच्या आतही गायो आणि अलास हे डोंगराळ भागातील समाज आहेत, आणि करारानंतर त्यांच्याकडून वेगळ्या प्रांताची मागणी जोर धरू लागली. म्हणजे ज्या मुक्तीचा करार झाला त्यात त्यांना आपण नव्याने अल्पसंख्य झाल्यासारखे वाटले.

---

फौजीचा पुतण्या
सोमवार, दुपारी 2:20

दीपस्तंभ, उत्तर वाचले. काकांनाही वाचून दाखवले. त्यांचे म्हणणे असे की संरक्षण देणार कोण, हा प्रश्न तुम्ही सोडून दिलात. आम्ही 1988 मध्ये तेच केले, म्हणाले. लिट्टेविरोधी तमिळ गटांना पाठीशी घातले, त्यांच्या निवडणुका घेतल्या, उत्तर व पूर्व प्रांत एकत्र करून झालेल्या ईशान्य प्रांतात वरदराज पेरुमाळ मुख्यमंत्री झाले. आणि आम्ही जहाजात चढलो तसे त्यांनाही देश सोडावा लागला. परक्या सैन्याच्या सावलीत उभा राहिलेला मवाळ हा त्याच्या लोकांच्या नजरेत फितूर ठरतो.

---

दीपस्तंभ (धागालेखक)
सोमवार, रात्री 10:00

काकांचा आक्षेप मान्य आहे आणि माझ्या मांडणीतील ते खरोखरच एक भगदाड आहे. बाहेरच्याने उचलून धरलेला मवाळ टिकत नाही. तो आपल्याच लोकांच्या बळावर उभा राहावा लागतो, आणि त्यासाठी त्याच्या हाती लोकांना दाखवण्याजोगे काही पडावे लागते. पेरुमाळ यांच्या हाती काय होते? भारत-श्रीलंका करारानंतर झालेल्या 13 व्या घटनादुरुस्तीने प्रांतिक परिषदा निर्माण केल्या, परंतु जमीन आणि पोलीस हे अधिकार कागदावर असूनही कोलंबोने कधी दिलेच नाहीत. 2013 मध्ये उत्तर प्रांताची पहिली निवडणूक झाली तेव्हा निवडून आलेल्या मुख्यमंत्र्यांचीही तीच तक्रार होती. त्या परिषदेची मुदत 2018 मध्ये संपली आणि पुढे वर्षानुवर्षे निवडणूकच घेतली गेली नाही. तडजोड करणाऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवले की त्याच्या जागी कोण येतो, हे 1957 पासून दिसते आहे.

---

शंकेखोर
सोमवार, रात्री 11:25

या शेवटच्या मुद्द्यावर मी आपल्याशी सहमत आहे, हे नोंदवून ठेवतो. मात्र एक प्रश्न. नोव्हेंबर 2024 च्या संसदीय निवडणुकीत जाफना जिल्ह्यात सर्वाधिक जागा मिळाल्या त्या जनता विमुक्ती पेरमुनाच्या नेतृत्वाखालील आघाडीला. म्हणजे ज्या पक्षाने मदतकरार न्यायालयात अडवला आणि उत्तर-पूर्व प्रांतांचे विलीनीकरणही न्यायालयातूनच मोडून काढले, त्याच पक्षाला. याचा अर्थ कसा लावता?

---

दीपस्तंभ (धागालेखक)
मंगळवार, सकाळी 7:50

सावधपणे लावतो. 2022 च्या आर्थिक कोसळणीने गॅस आणि पेट्रोलच्या रांगेत सगळ्यांना एकत्र उभे केले. त्या वर्षी 18 मे रोजी कोलंबोच्या गॉल फेस मैदानावरील आंदोलकांनी युद्धाच्या अखेरच्या दिवसांत मुल्लिवैक्काल या गावी मेलेल्या तमिळांचे स्मरण केले, हे पूर्वी त्या ठिकाणी अकल्पनीय होते. परंतु जाफन्यातील मतदार जुन्या तमिळ पक्षांच्या आपापसांतील फाटाफुटीलाही कंटाळला होता. त्याने अस्मिता सोडली असे मी म्हणणार नाही. आपल्या नावाने बोलणारे बदलून पाहिले, इतके म्हणता येईल. लष्कराच्या ताब्यातील जमिनी आणि बेपत्ता झालेल्यांचा शोध हे प्रश्न घेऊन आया अजूनही रस्त्याच्या कडेला बसतात.

---

पैलतीर
मंगळवार, दुपारी 3:10

बेपत्ता मुलांच्या आयांचा उल्लेख आला म्हणून विचारते. 2002 च्या चर्चेत महिलांची एक उपसमिती होती ना? येथे एका व्याख्यानात ऐकल्याचे आठवते.

---

दीपस्तंभ (धागालेखक)
मंगळवार, रात्री 8:45

होती. सरकार आणि लिट्टे यांनी प्रत्येकी पाच महिला नेमल्या होत्या आणि नॉर्वेच्या एक ज्येष्ठ राजकारणी समन्वयक होत्या. मार्च 2003 मध्ये त्यांची पहिली बैठक लिट्टेच्या ताब्यातील किलिनोच्ची येथे झाली. कोलंबोतील काही सदस्यांनी या निमित्ताने उत्तरेकडे पाऊल टाकले. विस्थापितांचे परतणे, सुरक्षितता आणि राजकीय सहभाग असे विषय त्यांनी पुढच्या कामासाठी काढले होते. मुख्य टेबलावर त्यांचे म्हणणे कसे पोहोचणार याची पद्धत मात्र ठरलेली नव्हती. एप्रिलमध्ये लिट्टेने चर्चेतून अंग काढून घेतले आणि समितीचे कामही तिथेच थांबले.